हाज्जा बत्तूलचा शब्द

"माझा शब्द बदलू नकोस हं, पोरी. मी म्हणते तसाच छाप. तुम्ही लिहिणारी माणसं सगळं धुऊन काढता."

मुलाखत संपताना हाज्जा बत्तूलने म्हटलेलं हे बोलणं बुसैनाच्या कानात होतं, आणि समोर, कैरोतल्या मासिकाच्या कचेरीत, टेबलावरच्या प्रूफाच्या पानावर तो शब्द नव्हता. तिथे होतं, 'देव तुला उत्तम आरोग्य देवो.'

ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"नाहिद, हे वाक्य कुणी केलं?"

"मी. का गं?" उपसंपादक नाहिद चष्म्यावरून बघत म्हणाली. "'आफिया मिन्नक'! 'आफिया तुझ्याकडून' हे काय वाक्य झालं? आमच्याकडे, कैरोत, आफिया म्हणजे एक तर तब्येत, नाहीतर दांडगाई. म्हातारी लेकाला दांडगाई पाठवते का?"

पलीकडे कुणीतरी फसकन हसलं.

"आता किती गोड वाटतंय बघ."

"वाटतंय खरं," बुसैना म्हणाली. "पण ती तसं म्हणालीच नाही."

सुदानातली आई 'आफिया मिन्नक' म्हणते तेव्हा ती तब्येतीचं बोलत नसते. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही उरलं नाही, या जगात नाही की त्या जगात नाही, असं ती म्हणत असते. तिचा लेक हातिम घर सोडून निघाला तेव्हा हाज्जा बत्तूल रागाच्या भरात बोलून गेली होती, तुला माझी आफिया नाही. त्यानंतर त्याने नंबर बदलला. तो इजिप्तमध्येच कुठेतरी आहे, लग्न ठरलंय, पण आईची आफिया मिळाल्याशिवाय निकाहाला बसायला धजत नाही, एवढं हाज्जाच्या कानावर आलं होतं. बुसैनाचा एकही लेख तो चुकवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर म्हातारी मुलाखतीला तयार झाली. निघताना बुसैनाने तिच्या मस्तकावर ओठ टेकून कबूल केलं होतं, तसाच छापेन.

सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली. कपाटाच्या आडोशाला बुसैनाने चटई अंथरली. नमाजाच्या मध्येच आपण कितव्या रकअतीत, कितव्या आवर्तनात आहोत तेच तिला आठवेना. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पुन्हा तिथेच अडखळली.

संपादक मिदहत कोट चढवून निघण्याच्या बेतात होते.

"उस्ताझ, एक शब्द बदलायचाय."

"पान गेलं, लेकी. रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर यंत्र सुरू होणार."

"छापखान्याला फोन करा ना."

"एका शब्दासाठी?" ते हसले. "इथे आलीस तेव्हा तुझे लेख परत जायचे, सुदानी वळणाचे म्हणून. आठवतं? एकेक शब्द काढून टाकलास तेव्हा कुठे सदर मिळालं, पुस्तकं निघाली. आता तुझ्या लिखाणात कुठे शिवण दिसत नाही. आज कशाला उसवतेस?"

"तिचा लेक 'आरोग्य' वाचेल, उस्ताझ. आणि समजेल की आईने आफिया अजून दिली नाही."

"मग पुढच्या अंकात खुलासा देऊ."

"तोवर तो वाट बघेल?"

मिदहत बटणं लावत म्हणाले, "छापखान्यात जाऊन गोंधळ घातलास, अंक लांबला, तर सदर दुसऱ्याला देईन. थट्टा नाही करत मी."

"ठाऊक आहे मला."

ते गेले. बुसैनाने ते पान घेतलं, छापील वाक्यावर रेघ मारली आणि वर हाज्जा बत्तूलचे दोन शब्द लिहिले. घाईत अक्षर वाकडं आलं. तिने ते पुन्हा नीट गिरवलं.

"दे इकडे," नाहिद मागून म्हणाली. "तिथला फोरमन माझ्या सहीशिवाय अक्षर हलवत नाही." तिने समासात सही केली आणि पान परत करताना पुटपुटली, "घ्या. आता ही दांडगाई माझ्या नावावर."

बुसैनाने तिचा हात क्षणभर दाबला. मग ओढणी सारखी केली, पानाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि कुणाला काही न सांगता जिना उतरली.

शहराबाहेरच्या छापखान्याकडे जाणाऱ्या मायक्रोबसमध्ये अगदी मागची जागा मिळाली. पर्समध्ये फोन वाजत राहिला. तिने भाड्याची चुरगळलेली नोट पुढच्या बाईच्या खांद्याशी धरली. बाईने मागे न बघता ती घेतली, पुढच्या म्हाताऱ्याला दिली, म्हाताऱ्याने आणखी पुढे. दिवे नुकतेच लागले होते. कुणी नोट उलगडली नाही, कुणाची म्हणून विचारलं नाही. होती तशीच ती ड्रायव्हरच्या तळहातावर पोचली.