तीन ओळींचा दाखला

दहा मिनिटांत कैफियत लिहून देणाऱ्या इंद्रभान वकिलांनी तीन ओळींचा दाखला अकरा दिवस दिला नाही.

दाखला सारिकाला हवा होता. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी कायद्याची पदवी लागते, मराठीवर पकड लागते आणि तीन वर्षांची प्रत्यक्ष वकिली लागते. वकिली झाल्याचे किमान दहा वर्षे जुन्या वकिलाने लिहून द्यायचे. सारिकाने ती तीन वर्षे देऊळगाव राजाच्या न्यायालयात पिकल्या केसांच्या इंद्रभानांच्या हाताखाली काढली होती. अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती आणि वयोमर्यादेत बसणारे तिचे हे शेवटचे वर्ष होते.

आधी लेटरहेड संपले होते. तिने छापून आणले. मग चष्मा घरी राहिला. मग जालन्याला काम निघाले.

सारिकाने कारणाचा शोध घेतला. इंद्रभान तिच्यावर कधी रागावले नव्हते. मात्र तारखा तीच घेई, उलटतपासाचे मुद्दे तीच काढी. ती गेली की त्यांचे काम अडणार होते. सगळ्या सबबींशी जुळणारे हेच एक अनुमान होते.

बार रूममध्ये चाळिशीतल्या शेखर वकिलांनी ते हसत हसत बोलूनही दाखवले. "मॅडम जज्ज झाल्या, तर काकांच्या तारखा कोण घेईल?"

शेखरांची वकिली पंधरा वर्षांची होती; सही त्यांच्याकडेच मागावी, असे तिच्या मनात आले. पण एकाच्या ज्युनिअरला दुसऱ्याने दाखला द्यायचा नाही, असा तिथला रिवाज होता. मागणे म्हणजे आपल्या सिनिअरची चारचौघांत शोभा करणे.

गुरुवारची दुपार झाली. शेवटी तिने विचारले, "सर, मी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं का?"

इंद्रभान बराच वेळ फाइलची दोरी बांधत राहिले. "असं काऊन म्हणतेस, पोरी? तुले खुर्चीवर बसलेलं मले पाहाचं हाये."

"मग सही?"

ते उठून बाहेर गेले.

खिडकीतून तिला ते शेखरांच्या टेबलापाशी उभे दिसले. वयाने कितीतरी लहान माणसापुढे त्यांनी हात जोडले होते. शेखरांनीही सही देऊ नये म्हणून ते विनवत असणार, आता ती वाटही बंद होणार, असे तिला वाटले. जाब विचारायला ती तिथे पोचली, तेव्हा शेखर एका कागदावर शिक्का मारत होते.

दाखला तिच्याच नावाचा होता. खाली सही शेखरांची होती.

"काकांनीच मागितली," शेखर म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

इंद्रभानांनी तिच्याकडे न पाहता बॅगेतून आपली वकिलीची सनद काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

सनदेवरची तारीख सात वर्षांपूर्वीची होती. त्याआधी सव्वीस वर्षे इंद्रभान खामगावात एका वकिलाचे कारकून होते.