द्वारकाबाईंचे वीस दिवस

कॅन्सरवरचा पंचवीस दिवसांचा रेडिएशनचा शेक पाच दिवसांवर आणायला डॉ. गौहर अठरा वर्षं खपल्या होत्या. जालन्याच्या दवाखान्यात तो पहिल्यांदा मिळाला धावड्याच्या द्वारकाबाईंना. पाचव्या दिवशी डॉक्टर हसून म्हणाल्या, "झालं, मावशी. जा आता घरी."

द्वारकाबाई खुर्चीतून उठेचनात.

"माझ्या जावेला पंचवीस दिवस शेक दिल्ता. मला पाचच?"

"पाचातच तेवढा गुण येतो. हजार बायांवर तपासून पाहिलंय आम्ही."

"गुणाचं न्हाई वो, डॉक्टरीणबाई. तिच्या वक्ताला पंचवीस दिवस समद्या घराच्या भाकरी म्या थापल्या. आता तिची पाळी आली, तं तुम्ही माझे वीस दिवस खाल्ले!"

अठरा वर्षांत हा सवाल एकाही परिषदेत कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी केसपेपर पुन्हा पुढे ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि बाहेर बाकावर बसलेल्या जावेला बरोबर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचल्या, "पेशंटनं पुढचे वीस दिवस चुलीपुढं बसायचं नाही. बिलकुल नाही."