तिसरा बार

खालून मॅगझिन लावायची, पुढची मूठ मागेपुढे केली की नवं काडतूस भरणारी बंदूक विश्रामदादांनी खांद्याला लावून पाहिली.

“अशी अख्ख्या जिल्ह्यात सापडायची नाही. सलग पाच बार,” दुकानदार म्हणाला.

दादांच्या जुन्या दुनळीत दोनच. तेही ते हवेत काढत. दोन बार होईपर्यंत वानरं फणसावर दडून बसत, मग निवांत केळीत उतरत. बंदूक रिकामी झाली, हे त्यांना बरोबर कळे.

“घ्याच ही,” बायको म्हणाली. “यंदा एक घड घरात आला नाही. पण तिसरा बार हवेत नको.”

दादांनी बंदूक काउंटरवर ठेवली. “नेहमीची काडतुसंच द्या.”

बायकोने रागाने पाहिलं.

“दोन बार झाले,” दादा म्हणाले, “की वानरी आधी पिल्लाला खाली सोडते.”