कोपऱ्यातली बाई

“थांबव,” जोतीराम म्हणाला.

लेकीनं, अनुजानं, मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवलं. घागरी घेऊन नदीच्या घाटावर उतरणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या.

सिनेमा जुना होता, कृष्णधवल. त्या वेळी तो चालला नव्हता, त्यामुळं नावही कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. परवा कुणीतरी तो इंटरनेटवर चढवला. अनुजाला असलं जुनंपानं हुडकायचा नाद होता. तिनं कसबा बावड्याचा घाट ओळखला आणि बापाला दाखवायला आणला. शूटिंगला गर्दीसाठी गावातल्याच बायका घेतल्या होत्या. त्यांत जोतीरामची आई होती. पुढच्याच साली ती तापानं गेली. जोतीराम तेव्हा पाळण्यात होता. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

ती कशी दिसायची ते थोरली बहीण, बयाआक्का, सांगायची. कपाळ मोठं, हनुवटीवर गोंदण, हसली की डाव्या गालाला खळी. लहानपणी तो रडायला लागला की आक्का हे सांगायची आणि तो गप व्हायचा. आता तो सत्तरीला टेकला होता. त्याची आई अजून तेवढीच होती.

आक्का शेजारी खाटेवर बसली होती. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते.

“उजव्या कमरंवर घागर आसंल बघ,” ती म्हणाली. “डावा हात भाजून आखडला हुता तिचा.”

अनुजानं सिनेमा पुन्हा सुरू केला. सगळ्यांच्या घागरी डाव्या कमरेवर होत्या. एकीचीच उजव्या. ती पाठमोरी वाकली, घागर भरली, वळली आणि कॅमेऱ्याकडं चालत आली. जोतीरामनं चष्मा पुसून पुन्हा लावला. बाई पडद्याच्या कोपऱ्यात आली. त्या कोपऱ्यात सिनेमा चढवणाऱ्या चॅनेलचा लाल गोल शिक्का होता. तिचं तोंड नेमकं त्याच्याखाली गेलं. मान दिसली, पदर दिसला, घागर दिसली. मग ती पडद्याबाहेर गेली.

अनुजानं मागं घेतलं, पुढं नेलं, चित्र मोठं केलं. शिक्काच मोठा झाला. तिनं चॅनेलवाल्याला मेसेज केला. उत्तर लगेच आलं. शिक्का काढता येत नव्हता आणि ज्या टेपवरून सिनेमा उतरवला ती भंगारात गेली होती.

“दिसली का रं?” आक्कानं विचारलं.

अनुजानं बापाकडं बघितलं.

“सांग की जोत्या. तू रडायचास म्हणून मी मनाला येईल ते सांगत गेले. मला तिचं तोंड कवाच आठवत न्हाय.”

जोतीराम त्या लाल शिक्क्याकडं बघत राहिला.

“कपाळ मोठं हाय,” तो म्हणाला. “हनुवटीवर गोंदण हाय. हसती बी हाय बघ. डाव्या गालाला खळी पडलीया.”

आक्कानं तोंड त्याच्या आवाजाकडं वळवलं.

“व्हय?” ती म्हणाली. “म्हंजे मी खोटं बोलले न्हवते.”