कानात उतरलेलं गोड बोलणं

"आत्ती, मोरीत जरा जपून जावा हं," हौसाबाईंच्या कानात सुनेचा मऊ आवाज उतरला.

आवाज वैजयंताचाच होता, शब्द मात्र यंत्राचे. ब्याण्णवाव्या वर्षी कानात बसवलेलं हे यंत्र फार समजूतदार होतं. म्हाताऱ्या जिवाला लागेल असं काही ते आत येऊच देत नसे; सगळं गोड करून ऐकवी.

पण हौसाबाईंची चाळीस वर्षं इचलकरंजीत मागावर गेली होती. त्या खडखडाटात बायका एकमेकींचे ओठ वाचूनच गप्पा मारायच्या. मोरीच्या दारात उभ्या सुनेचे ओठ त्यांनी आत्ताही वाचले होते.

"कितीदा सांगायचं, एकट्या जाऊ नका म्हणून? पाय घसरून मराल एक दिवस! मग मी भांडू कुणाशी?"

हौसाबाईंनी यंत्राची कानामागची चकती ओढून काढली. घर एकदम मुकं झालं.

"तुझं निम्मं बोलणं गिळलं गं ह्यानं," चकती सुनेच्या हातात देत त्या म्हणाल्या. "आता परत बोल की. सगळं बोल. आणि शेवटचं जरा सावकाश."