नॉर्वेची जसोदामाय

सहाणेवर चंदन खरखरलं आणि सकाळची शांतता मोडली. हिवाळ्याच्या काळोखातला उजेड रंगवायला रुख्मिणीचा नवरा जगदेव नॉर्वेतल्या चित्रकारांच्या वस्तीवर बोटीनं गेला, त्याला तिसरा हिवाळा. काल गावी, इंझोरीत, त्याचं चित्र पोचलं: खिडकीबाहेर अंधार, आत दिव्यापाशी सोनेरी केसांची बाई, मांडीवर तान्हं. सासूनं ते देवघरात मांडलं. "जसोदामायच हाय! रुख्मिणी, कुंकू लाव वं. तुह्याच नवऱ्यानं काढली." सोबतची चिठ्ठी रुख्मिणीनं एकटीनं वाचली होती: 'इथला उजेड सोडवत नाही. वाट पाहू नकोस.' सासूला तिनं 'खुशाल आहे, उन्हाळ्यात येतो' एवढंच वाचून दाखवलं. तिनं त्या गोऱ्या कपाळावर कुंकू टेकवलं. सासूनं हात जोडले, "माये, माह्या लेकाले सांभाळ." तेवढ्यात सहा वर्षांची लेक चित्राला नाक लावून म्हणाली, "माय, दिवाळीत तू बाबाले धाडलेली गोधडी या बाळानं काहून पांघरली?"