प्रायमरच्या आधी

माझी नात उद्यापासून पडघ्याला नोकरीला जाणार, म्हणून तिच्यासाठी एक जुनी गाडी घेतली. अलॉय व्हील्सचा रंग उडाला होता, म्हणून गाडी अंजूरफाट्याला अम्मारच्या गॅरेजमध्ये दिली आणि तिथेच स्टुलावर बसून राहिलो.

गाडी स्टँडवर चढवून त्याने चारही चाकं काढली होती. तो एकेका चाकाचा जुना रंग खरवडून धातू चकचकीत करी आणि लगेच त्यावर प्रायमर मारी. ती घाई मला खटकली. रंगाखाली तडे लपवतात, असं कुठेतरी वाचलं होतं. पण विचारायचा धीर होईना.

तिसऱ्या चाकाच्या वेळी मात्र म्हणालो, "प्रायमरच्या आधी मला दाखव."

"बघून काय करणार, चाचा? मी हाय ना."

"नात चालवणार आहे. दाखव."

त्याने नाइलाजाने चाक माझ्याकडे वळवलं. तडा नव्हता. धातूत माझा चेहरा होता, मागे गाडी होती, आणि गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एक बाई बसली होती.

मी वळून पाहिलं. गाडी रिकामी होती. चष्मा पुसून पुन्हा चाकात पाहिलं. ती होतीच.

"तुम्हाला पण दिसली ना?" अम्मार हळूच म्हणाला. "पहिल्या चाकात मागं बसलेली. दुसऱ्यात दोन सीटांच्या मधून पुढं येत होती."

चौथं चाक अजून जुन्या रंगातच होतं.

"ते राहू दे," मी म्हणालो.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, गाडीत, ड्रायव्हरची सीट सरकवल्याचा आवाज आला.